जिल्हा परिषद शाळा (महाराष्ट्र)

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जिल्हा परिषद चालवते ती, मुख्यतः प्राथमिक, शाळा. बोलण्यात ‘झेडपीची शाळा’ किंवा ‘मराठी शाळा’. मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. महापालिका आणि नगरपालिकांच्या शाळांचा कारभार वेगळा.

ब्रिटिश अमदानीत हे काम जिल्हा लोकल बोर्डांकडे होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जुन्या राजवटींच्या खुणा मात्र राहिल्या. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षणही बरेचसे सरकारी असल्याने मराठवाड्यात दहावीपर्यंतची जिल्हा परिषद ‘प्रशाला’ आजही भेटते. पश्चिम महाराष्ट्रात सातवीनंतरचे मूल बहुधा रयत शिक्षण संस्थेसारख्या खासगी संस्थेच्या हायस्कुलात जाते. कोल्हापूरकडे पाटीवर ‘विद्या मंदिर’ लिहिलेले असते.

पाटी जिल्हा परिषदेची असली तरी पगाराचा पैसा राज्य शासनाचा आणि शिक्षकांची निवड ‘पवित्र’ या राज्याच्या ऑनलाइन भरती पोर्टलवरून. जिल्ह्याच्या हाती खरोखर उरते ती देखरेख. वर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख. शिक्षण समितीत निवडून आलेले सदस्य बसतात. पण मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षे प्रशासकच होते. शाळा तरीही चालल्या, यावरून त्या समितीचे वजन किती ते कळावे.

सगळ्याचे मूळ पटात, म्हणजे शाळेत नाव नोंदवलेल्या मुलांच्या संख्येत. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे किती शिक्षक मिळणार ते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यामुळे चार-पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे हे वाडीवस्तीवर नेहमीचेच. पटावरच सगळे अडलेले असल्याने तो फुगवलाही गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावली होती. आताची चिंता उलटी आहे. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा तोरणमाळ (नंदुरबार) आणि पानशेत (पुणे) इथल्या अशा शाळांची उदाहरणे दाखवण्यात आली. पालकांचा प्रश्न साधा होता : पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांचे पोर जाणार कसे?

शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो, पण मुख्याध्यापकाचे निम्मे लक्ष दुपारच्या पोषण आहाराच्या तांदळाच्या कोठीकडे. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतच्या शाळेत ४३ मुले हजर, तर ४ किलो ३०० ग्रॅम तांदूळ मोजून द्यायचा, साठा नोंदवहीत उतरवायचा आणि तोच आकडा ॲपवर भरायचा. खडू, झाडू, वीजबिल यांचा खर्च ‘सादिल’मधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, ते उशिरा आले की शिक्षकांच्या खिशातून. रंगरंगोटी, संगणक असल्या गोष्टी लोकवर्गणीवर. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत असा नियम आहे, पण ती जागी आहे की कागदावर, हे गावागणिक बदलते. सोलापूरच्या परितेवाडीतल्या शाळेने पुस्तकांवर क्यूआर कोड आणले, पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

मोठ्यांना शिकवण्याची परंपराही जुनी. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झाले की समारंभ होई. आता १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम आहे. सर्वेक्षण शिक्षकांवरच आले, म्हणून २०२३ मध्ये त्यांच्या संघटनांनी बहिष्कारही घातला. तरी १७ मार्च २०२४ ला १५० गुणांची परीक्षा झाली : वाचन, लेखन, संख्याज्ञान. नातवाच्याच वर्गात आजी पेपर लिहायला बसल्या.

गावचे वाचनालय मात्र या व्यवस्थेत नाही. त्याचे अनुदान १९६७ च्या अधिनियमाखाली ग्रंथालय संचालनालयाकडून येते. अंगणवाडी जिल्हा परिषदेचीच, पण महिला व बालकल्याण विभागाकडे. म्हणून एकाच आवारात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या चुलींवर खिचडी शिजते.