चॉपिंग बोर्ड धुणे आणि निर्जंतुक करणे

कच्चे मांस किंवा मासे कापून झाल्यावर चॉपिंग बोर्ड साबणाने घासला की तो निर्जंतुक झाला, असे अनेकजण धरून चालतात. परंतु धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

साबण आणि गरम पाण्याने चरबी, रक्त व अन्नाचे कण सुटतात आणि त्यांच्यासोबत बरेचसे जंतूही वाहून जातात. निर्जंतुकीकरणात धुतल्यानंतर मागे राहिलेले साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू रसायनाने अथवा उष्णतेने मारले जातात. पाव किंवा धुतलेली फळे कापल्यावर पहिले काम पुरते. कच्च्या मांसानंतर मात्र दोन्ही करावीत, आणि सुरीलाही वगळू नये.

खरी गफलत क्रमात होते. न धुतलेल्या बोर्डावर थेट ब्लीच ओतले, तर त्यातील क्लोरीन अन्नाच्या अंशांशी क्रिया करण्यातच खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचते ते अपुरे. म्हणून बोर्ड आधी नीट धुवावा, मग सुमारे 4 लिटर पाण्यात 15 मिलिलिटर साधे, बिनसुगंधी द्रव ब्लीच मिसळून ते पाणी त्यावर पसरावे आणि काही मिनिटे तसेच राहू द्यावे, कारण लगेच पुसून टाकले तर जंतू मरायला अवधीच मिळत नाही. त्यानंतर बोर्ड स्वच्छ पाण्याने धुऊन, उभा ठेवून पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले क्लीनर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

लाकडापेक्षा प्लास्टिक निर्धोक, हा समजही तपासून घ्यायला हवा. अमेरिकी अन्नसूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर यांच्या प्रयोगांत नव्या प्लास्टिकवरचे जंतू हाताने धुऊन सहज निघाले, पण सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकवर, विशेषतः कोंबडीची चरबी लागलेली असताना, ते टिकून राहिले. लाकडावरचे जंतू आत शोषले गेले आणि पृष्ठभागावर फारसे सापडले नाहीत. यावरून लाकूड धुण्याची गरज नाही, असा अर्थ मुळीच काढू नये. माझ्या मते बोर्ड कशाचा आहे यापेक्षा त्यावर किती चरे आहेत, हे आधी पाहावे. ज्या खोल चऱ्यांत घासणी पोहोचत नाही, तिथे अन्नाचे अंश राहतात आणि त्यांच्या आडोशाने जंतू ब्लीचपासूनही बचावतात. असा बोर्ड बदलणेच योग्य.