काडतूस-संग्रह

उडवून झालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या, त्यांची खोकी, पाच-पाच काडतुसे धरणाऱ्या लोखंडी क्लिपा असे जुने सामान जमवून त्यावरून काळ आणि कारखाना ओळखण्याचा छंद. पंचनाम्याच्या मराठीत गोळी सुटल्यावर उरते ती 'पुंगळी' आणि न उडालेले ते 'जिवंत काडतूस'. छंद आणि गुन्हा यांच्यातली रेषाही जवळपास तिथेच आहे.

सातारा आणि सांगली (1949 पर्यंत एकच जिल्हा) हा पलटणीत जाणाऱ्यांचा मुलूख. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागते ते उगाच नाही. अशा घरांत पदकांच्या डबीत एखादी पुंगळी निघाली तर नवल वाटत नाही.

ती बहुधा 'थ्री नॉट थ्री'ची, म्हणजे .303 इंची फौजी रायफलीच्या काडतुसाची असते. हे काडतूस 1888 मध्ये काळ्या बारुदीसह आले आणि तीनेक वर्षांत त्यात कॉर्डाइट भरू लागले. कॉर्डाइट म्हणजे बिनधुराची दारू, शेवयांसारख्या काड्यांची जुडी. ती मानेतून आत जाईना, म्हणून आधी जुडी भरायची आणि मग पुंगळीची मान आवळायची, असा उलटा क्रम कारखान्यात असे. पुंगळीची लांबी सुमारे 56 मिलिमीटर, बुडाला बाहेर आलेली कड. खरा मजकूर या बुडावर असतो. 'के' आणि 'एफ' या अक्षरांमध्ये बाण असेल तर माल खडकीचा. तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा. सोबत बहुधा सालाचे आकडे आणि काडतुसाचा 'मार्क', म्हणजे नमुन्याचा क्रमांक असतो. 1910 पासूनचा टोकदार गोळीचा मार्क सातवा सर्वांत जास्त भेटतो. 'ही प्रतिसरकारच्या (साताऱ्यातल्या इंग्रजविरोधी समांतर सरकारच्या) वेळची' असे सांगत पुढे केलेल्या पुंगळीवर साल 1950 नंतरचे निघाले, तर आठवण कितीही लाडकी असो, ती पुंगळी 1943–46 ची नव्हे.

दुसरा प्रकार शिकारीच्या बारा बोअर बंदुकीच्या काडतुसाचा. जुनी नळी जाड कागदाची आणि बूड पितळी. कागद दमट हवेत फुगतो, त्यामुळे कृष्णाकाठच्या पुराचे पाणी घरात शिरलेल्यांकडे बुडे तेवढी उरतात. त्याआधीच्या ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नव्हती. दारू, गोळी आणि टोपी (दारू पेटवणारी) वेगवेगळी, म्हणून संग्रहात ठेवण्यासारखे मागे फारसे राहत नाही.

पितळाच्या एका रोगाचा शोध तर हिंदुस्थानातल्या पावसाळ्यानेच लावून दिला. फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की पुंगळ्यांना आपोआप भेगा पडत. ओढून घडवलेल्या पितळात राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया मिळून हे होते, असा उलगडा 1921 मध्ये झाला. या दोषाला अजूनही 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळाच. म्हणून अमोनिया असलेले पॉलिश वर्ज्य. चिंचेने घासणेही टाळावे. तांब्या लखलखीत दिसावा हे ठीक, पण पुंगळीवरचा जुना रंग एकदा गेला की परत येत नाही आणि बारीक अक्षरे घासटतात. मऊ फडके आणि कोरडी डबी पुरे.

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे गुन्हा आहे, मग ते आजोबांचे असो वा शंभर वर्षांचे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. मात्र पूरक भागांसोबत वापरायचे नसलेले किरकोळ भाग कलम 45 ने वगळले आहेत. रिकाम्या पुंगळीच्या छंदाला आधार आहे तो एवढाच. जुने काडतूस घरी उघडून 'निकामी' करू नये, कारण बुडातली टोपी अनेक दशकांनंतरही पेटू शकते. माळ्यावर किंवा भंगारात असे काही सापडले तर ते न हलवता पोलीस ठाण्याला कळवतात.