बीपी वाढलंय? आधी नळी बघा

आंब्याच्या झाडावरून पडून मान मोडलेला तिशीतला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. हात थोडेफार चालतात, छातीखाली काही जाणवत नाही. अपघाताला वर्ष उलटलंय. एका संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागतं. चेहरा लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा, नाक चोंदलेलं. पाय मात्र गार आणि त्यांवर काटा आलेला. वरचं बीपी 170. कुणी म्हणतं टेन्शन घेतलं असेल, कुणी म्हणतं जेवणात मीठ जास्त झालं. तिकडे व्हीलचेअरच्या चाकाखाली युरिन बॅगची नळी दबून बसलेली असते.

लघवी तुंबलीय, पण त्याला ते कळत नाही. मूत्राशय मात्र गप्प बसत नाही. त्याचा संदेश मज्जारज्जूतून वर निघतो आणि इजेपाशी अडतो. मेंदूपर्यंत पोचला नाही तरी वाटेत तो सिंपथेटिक मज्जातंतूंना, म्हणजे वाहिन्या आवळायला लावणाऱ्या तंतूंना चेतवतो, आणि पोटातल्या, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पोटातल्या वाहिन्यांत रक्ताचा मोठा साठा असतो. तो वर ढकलला गेला की बीपी चढलंच. मानेतल्या रोहिणीतले दाबमापक मेंदूला खबर देतात. मेंदू दोन हुकूम सोडतो. ‘ठोके कमी कर’ हा हुकूम व्हेगस मज्जातंतूतून जातो. त्याचा रस्ता मज्जारज्जूतून नाही, म्हणून तो हृदयाला मिळतो. ‘वाहिन्या सैल सोडा’ हा दुसरा हुकूम इजेपाशी अडकतो. म्हणून बीपी चढलेलं असताना नाडी बऱ्याचदा मंद लागते. इजेच्या वर वाहिन्या सैल होतात, चेहरा लाल होतो. खाली सगळं गार.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. साधारणपणे छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांना हा त्रास होतो, कारण पोटातल्या वाहिन्यांचा ताबा त्याखालून चालतो. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी डेव्हिड व्हिटरिज यांच्यासोबत 1947 साली मूत्राशय फुगवल्यावर काय होतं ते तपशिलाने मांडलं. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले हेच गुटमन. स्टोक मँडव्हिलच्या त्यांच्या रुग्णालयातल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. गंमत अशी, की काही खेळाडू मुद्दाम मूत्राशय तुंबवून किंवा पट्टे आवळून बीपी चढवायला लागले. जोर येतो म्हणे! या ‘बूस्टिंग’वर बंदी आली, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

आता आकड्याचा घोळ. अशा माणसाचं नेहमीचं वरचं बीपी बऱ्याचदा 90 ते 110 असतं. त्याचं 140 झालं, तर अनोळखी डॉक्टरला ते ‘जरासं जास्त’ वाटेल. त्याच्यासाठी मात्र ती धोक्याची घंटा आहे. नेहमीपेक्षा 20 ते 40 ने वाढ झाली की सावध व्हायचं. दुर्लक्ष झालं तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून नेहमीचं बीपी एका कार्डावर लिहून ते व्हीलचेअरच्या खिशात ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

करायचं काय? एरवी बीपी वाढलं की आपण माणसाला आडवं करतो. इथे उलट: ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, म्हणजे रक्त पायांकडे उतरतं. पट्टा, बूट, मोजे, पोटावरचं बाइंडर सैल करायचं. मग नळी: दुमडलीय का, बॅग भरलीय का, कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) चोंदलाय का. कॅथेटर नसेल तर जेली लावून घालायचा. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नये, बीपी आणखी चढतं. लघवी मोकळी झाली तरी बीपी उतरत नसेल, तर शौच साठून घट्ट झालाय का ते पाहायचं. तेही सुन्न करणारी जेली लावून, हलक्या हाताने. त्यानंतर बेडसोअर, मांसात रुतलेलं नख, खालची चादर चुरगळलीय का, तेही.

वरचं बीपी 150 च्या वर राहिलं तर चटकन उतरणारं औषध लागतं, आणि ते डॉक्टरच्या हातचं काम. त्यांना एक गोष्ट न लाजता सांगायची: गेल्या एकदोन दिवसांत लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली होती का. त्यावर नायट्रेट हे बीपी उतरवणारं औषध दिलं तर बीपी धाडकन कोसळू शकतं.

नळी सोडवली की बऱ्याचदा काही मिनिटांतच डोकं दुखायचं थांबतं, घाम थांबतो. तरी मशीन लगेच कपाटात ठेवायचं नाही. पुढचे दोन तास बीपी पुन्हा पुन्हा बघत राहायचं.