अध्यारोपित चिन्हे (लाटेक)

अध्यारोपित चिन्हे : लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत उपलब्ध चिन्हे एकावर एक छापून, मॅक्रोच्या (अनेक आज्ञांना दिलेल्या एका नावाच्या) साहाय्याने घडवलेली नवी चिन्हे. वर्तुळातील तारा, छेद दिलेला बाण, आडवी रेघ असलेले समाकलचिन्ह (∫) ही नेहमीची उदाहरणे होत.

ही रीत संगणकाआधीची असावी. टंकलेखनयंत्रावर एक घर मागे जाऊन दुसरे अक्षर ठोकत. एपीएल या संगणकभाषेची कित्येक चिन्हेही सुरुवातीला तशीच उमटवली जात. डोनाल्ड कनूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रचलेल्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीत तिला निश्चित यंत्रणा मिळाली आणि टेकवर उभारलेल्या लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेकला ती वारशाने लाभली.

सर्वांत साधा प्रकार चिन्हावर तिरपी रेघ मारणाऱ्या ‘नॉट’ या आज्ञेचा. कनूथ यांच्या कॉम्प्यूटर मॉडर्न टंकात (फाँटमध्ये) तिच्या तिरप्या रेघेची रुंदी शून्य असते, आणि लागोपाठच्या दोन संबंधचिन्हांमध्ये (=, < यांसारख्या) टेक जागा सोडत नाही; त्यामुळे रेघ पुढच्या चिन्हावर पडते. बरोबरीच्या चिन्हावर ती नेमकी बसते, लांब बाणावर मात्र एका बाजूला सरकते. ऋण अंतर देऊन चिन्हे ओढून आणण्याचा उपाय अनेक जण करतात, पण टंक बदलला की तो फसतो.

त्यापेक्षा ‘ओओअलाइन’ ही आज्ञा अधिक भरवशाची. ही एका स्तंभाची सारणी असून तिच्या ओळींतील अंतर शून्य केलेले असते, म्हणून सर्व ओळी एकाच आधाररेषेवर (अक्षरे ज्या रेषेवर टेकतात तिच्यावर) येतात. रुंदी सर्वांत रुंद ओळीची. दोन्ही बाजूंना ‘एचफिल’ ही ताणली जाणारी जागा दिल्यास अरुंद चिन्ह मधोमध बसते. उंची मात्र पहिल्या ओळीची आणि आधाररेषेखालची खोली शेवटच्या ओळीची धरली जाते. म्हणून उंच चिन्ह आधी लिहावे. नाहीतर ते चौकटीबाहेर जाऊन वरच्या मजकुराला भिडू शकते. कॉपीराइटचे चिन्ह टेकच्या ‘प्लेन टेक’ या मूळ आज्ञासंचात याच आज्ञेने केलेले आहे.

घातांकात चिन्ह आपोआप लहान व्हावे यासाठी ‘मॅथपॅलेट’ लागते. ती ‘मॅथचॉइस’च्या आधारे चिन्ह चारही गणिती शैलींत (स्वतंत्र ओळ, मजकुराची ओळ, घातांक, घातांकाचा घातांक) जुळवते आणि लागू पडणारे एक ठेवते. हा खटाटोप अटळ आहे, कारण मजकूर वाचताना टेकला शैली निश्चित ठाऊक नसते : अपूर्णांकाची ‘ओव्हर’ ही आज्ञा अंशानंतर येते आणि मागचा सगळा भाग बदलून टाकते. लुआटेक या टेकच्या विस्तारित रूपात शैली विचारण्याची सोय आहे, तरी वरील अडचण तिथेही उरते. आडव्या रेघेच्या समाकलचिन्हात ही गरज विशेष जाणवते, कारण स्वतंत्र ओळीतील समाकल मजकुराच्या ओळीतल्या समाकलापेक्षा बराच मोठा असतो.

तयार चिन्हाला शेवटी ‘मॅथरेल’ (संबंधचिन्ह) किंवा ‘मॅथबिन’ने (+ सारखे क्रियाचिन्ह) वर्ग द्यावा लागतो, सर्वसाधारण टंकमांडणीत पहिल्याने दोन्ही बाजूंना ५ एमयू, दुसऱ्याने ४ एमयू जागा सुटते (१८ एमयू म्हणजे १ एम, म्हणजे साधारण टंकाच्या आकाराइतकी रुंदी). शीर्षकात वापरायचे असल्यास, तिथे ते मोडू नये म्हणून, मॅक्रो ‘डिक्लेअररोबस्टकमांड’ने घोषित करणे इष्ट.

पीडीएफमधून मजकूर उचलताना असे चिन्ह बहुधा सुटे होऊन त्याचे घटक वेगवेगळे मिळतात.