घोड्याचा ‘मान’ नेमका कुणाला?

‘ग्राउंडवर्क’ हा शब्द सोलापूरकडच्या घोडेवाल्यांपर्यंत आला तो मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. काम मात्र जुनंच आहे: पाठीवर न बसता, खाली उभं राहून दोरीवर घोडा फेरायचा. आपल्या जुन्या भाषेत याला ‘कावा’ म्हणत. हा अर्थ पुढे गनिमी काव्यामागे झाकला गेला.

तुर्कस्तानात सापडलेल्या इ. स. पूर्व १४०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर घोडे तयार करण्याचं वेळापत्रक कोरलेलं आहे. त्यात फेऱ्यांसाठी ‘ऐक-वर्तन्न’, ‘पंझ-वर्तन्न’ असे शब्द येतात. मराठी माणसाला एक आणि पाच वेगळे सांगावे लागत नाहीत. मधली तीनेक हजार वर्षं इथे सोडून देतो.

१८५८ मध्ये एका अमेरिकन माणसाने इंग्लंडमध्ये तिथल्या राणीसमोर बेफाम घोडे वठणीवर आणून दाखवले. घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून बांधायचा, थकला की आडवा पाडायचा, मग कुरवाळायचं. त्या काळी हीच ‘दयाळू’ पद्धत गणली गेली, कारण तिच्यात चाबूक नव्हता. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाचा एक प्रशिक्षक विंडसरला दुसऱ्या राणीसमोर उभा राहिला. त्याने गोल कुंपणात मोकळा घोडा पळवला. घोड्याने कान वळवला, ओठ चाटले, मान खाली घातली, तेव्हा प्रशिक्षकाने पाठ फिरवली आणि घोडा मागोमाग चालत आला.

घोड्याच्या अशा मागे येण्याला ‘रिस्पेक्ट’ म्हणतात. हा शब्द बोकाळला आणि मराठीत येताना पुरता गुंतला. कुणी ‘आदर’ म्हणतो, कुणी ‘मान’, जुने घोडेवाले सरळ ‘धाक’ म्हणतात. धाक निदान प्रामाणिक शब्द आहे. ‘मान’ची गंमत वेगळीच: दोरी हलकेच ताणली की घोडा खरोखर मान देतो, गळ्यावरची. पण त्याला माणसाविषयी आदर वाटतो का? २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसाऐवजी रिमोटवरची खेळण्यातली गाडी वापरली. घोडा दूर गेला की गाडी मागे लागायची, तिच्याकडे वळला की थांबायची. घोडे गाडीकडे वळायला शिकले. त्या गाडीचा आदर कोण करणार? दाब यायचा, योग्य हालचाल होताच सुटायचा, एवढंच. सगळं कसब आहे ते दाब सोडण्याच्या वेळेत. घोडा एक पाऊल मागे सरकला त्याच क्षणी दोरी सैल झाली, तर धडा पक्का. दोन सेकंद उशीर झाला, तर भलताच धडा पक्का. तरीही ‘आदर’वाले ऐकत नाहीत, घोडा अंगावर आला की ‘मला जुमानत नाही’ म्हणून दोरी झटकतात.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा वाद पुस्तकी नाही. वरातीचा घोडा फटाके आणि डीजेपुढे उभा राहतो तो बहुतेक वेळा तोंडातल्या लोखंडाच्या भीतीने. काटेरी लगामाला प्राण्यांवरची क्रूरता रोखण्याच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तरी तो दिसतो. खाली उभं राहून नीट शिकवलेल्या घोड्याला त्याची गरज पडत नाही, असं माझं मत. वरातवाल्यांना ते पटत नाही, कारण लग्नसराई शिकवणीसाठी थांबत नाही.

दुसऱ्या टोकाला रिंगण. बेळगावकडच्या अंकलीहून आलेला माऊलींचा अश्व बिनस्वाराचा. पालखी जिल्ह्यात आली की पुरंदावड्याला गोल रिंगण लागतं आणि चहूबाजूंनी टाळ-मृदंग चालू असताना तो स्वाराच्या घोड्याबरोबर धावतो. पाठीवर कुणी नाही. तिथे ‘मान’ म्हणजे काय, हे विचारलं तर वारकरी हसतील. तो मान अश्वाचाच असतो.

अकलूजच्या बाजारात मात्र हिशेब रोकडा. दिवाळीच्या सुमारास घोडा बघायला आलेला जाणकार आधी रेवाल चाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी झपाझप चाल, मागत नाही. म्होरकी, म्हणजे तोंडावर बांधलेली दोरी, धरतो, दोन पावलं मागे सारून बघतो, पाय उचलायला सांगतो. घोड्याने पाय दिला, तरच पुढे भावाचं बोलणं.