घरच्या कुत्र्याचं ट्रेनिंग

पाळलेल्या कुत्र्याला घरच्याच माणसांनी शी-शूची जागा, हाकेला येणं, बसणं, थांबणं, पट्ट्यात नीट चालणं अशा सवयी लावणं. पोलीस आणि लष्करातल्या श्वानपथकांचं प्रशिक्षण हा वेगळा विषय आहे.

कुत्रा माणसाळला कधी यावर वाद आहे, १५ हजारांपासून ३० हजार वर्षांपूर्वीपर्यंत अंदाज दिले जातात. जर्मनीत बॉन-ओबरकासेलला माणसांसोबत पुरलेलं पिल्लू साधारण १४ हजार वर्षांपूर्वीचं आहे हे मात्र बहुतेक जण मानतात. त्याला डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला असावा आणि कोणीतरी सेवा केली म्हणूनच ते आजारपणात काही आठवडे जगलं असं दातांवरून म्हणतात.

ट्रेनिंगच्या पद्धतींत सगळ्यात जास्त भांडण 'अल्फा', म्हणजे कळपाचा वरचढ म्होरक्या, या कल्पनेवर झालंय. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये मांडलं की कळपात वरचढ होण्यासाठी सतत चढाओढ असते. पण ते लांडगे होते कुठे तर १० बाय २० मीटरच्या जागेत, जास्तीत जास्त १० जण, आणि नैसर्गिक कुटुंब म्हणून एकत्र आलेलेही नव्हते. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकातून हीच कल्पना जगभर गेली, आणि तिथून कुत्र्याला आडवं पाडून दाबून धरा, आधी तुम्ही जेवा मग त्याला द्या, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा असे सल्ले घरोघरी पोचले. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे 'अल्फा' म्हणणं म्हणजे आई-बापालाच अल्फा म्हणणं. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नाही. त्यामुळे आज बहुतेक प्राणी-वर्तन अभ्यासक बक्षिसावर आधारलेली पद्धत धरतात आणि तेच पटण्यासारखं आहे, कारण दाबून धरलेला कुत्रा शिकत नाही, घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो.

बक्षिसाच्या पद्धतीमागे थॉर्नडाइक आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं काम आहे: ज्या वागण्याचं फळ चांगलं मिळतं ते वागणं परत होतं. सगळा खेळ वेळेचा. 'सिट' शिकवताना उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाजवळून हळूच डोक्याच्या मागे न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली येतं, ते टेकलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा तोंडात. पाच सेकंद उशीर झाला तर तोवर तो उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. दिवसातून तीन-चार वेळा, पाच पाच मिनिटं पुरतं.

शब्द घरात एकच हवा. आई 'बस' म्हणते, मुलगा 'सिट', आजोबा 'खाली बस रे', मग कुत्र्याने धरायचं काय? आपल्याकडे 'यू यू' म्हणजे जवळ ये, 'छू' म्हणजे अंगावर जा, 'हाड' म्हणजे चालता हो हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत आणि गावातल्या कुत्र्यांना ते बरोबर कळतात, कारण सगळं गाव तेच बोलतं.

शी-शूसाठी पिल्लू झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, जमीन हुंगत गोल फिरायला लागलं तर वेळ आलीच समजायची. चुकीच्या जागी केली म्हणून नाक घासू नये, त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. हाक मारल्यावर आलेल्या कुत्र्याला तर कधीच ओरडू नये, आधी त्याने चप्पल फाडलेली असली तरी.

साधारण ३ ते १४ आठवडे हा पिल्लाचा ओळखी करून घेण्याचा काळ मानतात. लसी पूर्ण व्हायच्या असतात म्हणून रस्त्यावर खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी, लहान मुलं, छत्री हे सगळं दाखवता येतं.

दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला यातलं काहीच शिकवता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार अवास्तव आखूड किंवा जड साखळीला गरजेपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं, हे दोन्ही गुन्हे आहेत.