दोन्हीकडे दोनच आरसे: हेरियट सेल आणि रिंग-डाउन

पणजीतल्या जुन्या सलूनमध्ये खुर्चीत बसलं की पुढे आरसा, मागेही आरसा. आपलं डोकं, मग मान, मग पुन्हा डोकं, अशी रांगच लागते. लांबची डोकी हिरवट, काळपट होत जातात, कारण काच दर खेपेला थोडा उजेड खाते.

हवेतले अत्यल्प वायू मोजणारी दोन यंत्रं, हेरियट सेल आणि रिंग-डाउन, याच रांगेवर चालतात. नळीत समोरासमोर दोन अंतर्वक्र आरसे, मध्ये हवा, आत लेझर. माहितीपत्रकात दोघांच्याही नावापुढे ‘प्रभावी मार्ग इतके मीटर’, म्हणजे प्रकाश आत एकूण किती अंतर कापतो, असं छापलेलं असतं. त्यामुळे रिंग-डाउन म्हणजे भरपूर फेऱ्यांची हेरियट सेल, असा समज पक्का होतो. एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो तेव्हा मीही वर्षभर असंच समजत होतो.

आधी अडचण काय ते. हवेच्या दहा लाख भागांत मिथेन साधारण 1.9 भाग. 1.65 मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश तो शोषतो. अर्ध्या मीटरच्या नळीतून असा किरण एकदाच पाठवला, तर ढोबळ हिशेबाने लाखातले तीन-चार भाग शोषले जातात. लेझरचा उजेड स्वतःच त्याहून जास्त वरखाली होत असतो. भुरभुर पावसात बेतीमच्या फेरीबोटीवर उघड्यावर उभं राहून मांडवी एकदा ओलांडली, तर शर्ट भिजला की नाही ते कळत नाही. शंभर वेळा ओलांडली तर पिळून काढावा लागतो. प्रकाशालाही तशाच खेपा घालायला लावायच्या. इथपर्यंत दोन्ही यंत्रं एकाच वाटेने जातात.

हेरियट सेल डोळ्यांना दिसते, म्हणून समजायला सोपी. तीन आरशांची सेल जॉन व्हाइट यांनी 1942 मध्येच केली होती. 1964 मध्ये बेल लॅब्जमधल्या डोनाल्ड हेरियट आणि सहकाऱ्यांनी दोन आरशांत काम भागवलं. एका आरशाला बारीक भोक असतं. किरण त्यातून जरा तिरका आत शिरतो आणि दर खेपेला आरशावर नव्या जागी आदळतो. ठरलेल्या खेपा झाल्या की त्याच भोकातून, वेगळ्या कोनात, बाहेर पडतो. जुळवणी करताना अवरक्त किरणासोबत लाल लेझर सोडतात. आरशावर लाल ठिपक्यांचं लंबवर्तुळ उमटतं, अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. स्क्रू फिरवून आरशांतलं अंतर केसभर बदललं की सगळी रांगोळी फिरते, ठिपके जवळ येतात, लांब जातात. मग वही घेऊन दोन्ही आरशांवरचे ठिपके मोजायचे, भोकही एक ठिपका धरून. तेवढ्या खेपा, गुणिले नळीची लांबी, म्हणजे मार्ग. मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हरमध्ये मिथेनसाठी अशीच सेल आहे. लांबी सुमारे 20 सेंटिमीटर, 81 खेपा, मार्ग 16.8 मीटर.

शेवटी मोजायचं काय, तर बाहेर आलेला उजेड. लेझरची तरंगलांबी मिथेनच्या रेषेवरून, म्हणजे तो नेमकी जी तरंगलांबी शोषतो तिच्यावरून, सरकवत न्यायची आणि रेषेवर उजेड किती खचला ते बाजूच्या उजेडाशी ताडून बघायचं. अर्ध्या मीटरच्या नळीत शंभर खेपा म्हणजे 50 मीटर. मघाचे लाखातले तीन-चार भाग आता हजारातले तीन-चार होतात. खेपा आणखी का वाढवत नाहीत? शंभरातले 99 भाग परत पाठवणारा आरसा शंभर परावर्तनांनंतर मूळ उजेडाचा जेमतेम 37 टक्के शिल्लक ठेवतो. शिवाय ठिपके दाटले की एकाचा उजेड दुसऱ्यात मिसळतो आणि आलेखावर लाटा उठतात. वायूची खूण कुठली नि लाट कुठली, हे ओळखण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत.

रिंग-डाउनच्या आरशाला भोक नसतं. मला हे कळलं तेव्हा पहिला प्रश्न पडला की मग प्रकाश आत जातो कुठून? आरशातूनच. 99.99 टक्के परत पाठवणारा आरसा उरलेल्या दहा हजारातल्या एका भागातला थोडासा पलीकडे झिरपू देतो. तोही सहजासहजी नाही. आरशांमधल्या अंतरात अर्ध्या तरंगलांबी नेमक्या पूर्ण संख्येने बसल्या, तरच आतल्या लाटा एकमेकींना साथ देतात आणि आत उजेड साठत जातो. म्हणून एक आरसा पिझोवर, म्हणजे वीज दिली की किंचित लांबणाऱ्या तुकड्यावर, बसवून जरासा हलवत ठेवतात. जुळलं, उजेड पुरेसा साठला, की लेझर झटक्यात तोडायचा. आत अडकलेला प्रकाश दोन आरशांत धावत राहतो, दर धडकेला थोडा गळतो. मागच्या आरशामागे बसलेला डिटेक्टर ती गळती बघतो. पडद्यावर घसरत जाणारी एक रेघ दिसते, बाकी काही नाही. रांगोळी नाही, ठिपके नाहीत.

रिंग-डाउन हे नाव घंटेवरून आलं आहे. कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात शिरताना घंटा वाजवा. जोरात वाजवा की हळू, नाद निम्म्यावर यायला लागणारा वेळ तोच. घंटेला कुणी बोट टेकवलं की मात्र नाद लवकर विरतो. रिंग-डाउनमध्ये वायू म्हणजे ते बोट. म्हणून इथे उजेड किती हे मोजतच नाहीत, तो विरायला लागलेला वेळ मोजतात. लेझर आज थोडा मंद पेटला, उद्या तेज, काही बिघडत नाही. दुबळं शोषण मोजणाऱ्याचा निम्मा डोकेदुखीचा विषय इथेच संपतो.

आकडे घालून बघा. अर्धा मीटर नळी, 99.99 टक्क्यांचे आरसे, आत शोषणारं काहीच नाही. उजेड मुळाच्या 37 टक्क्यांवर यायला सुमारे 16.7 मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात प्रकाश 5 किलोमीटर धावतो, म्हणजे पणजीहून दोनापावलाला निघालात तर जवळपास पोचलात. आता त्याच नळीत साधी हवा भरा. मिथेनच्या रेषेवर वेळ 12 मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो. लाखातले तीन-चार भाग म्हणून जे हातीच लागत नव्हतं, ते इथे चौथाई फरक होऊन समोर येतं.

मुळात हा खटाटोप आरसे पारखण्यासाठी सुरू झाला. इतका चांगला आरसा किती चांगला, हे साध्या मोजणीत सापडेना, म्हणून विरण्याचा वेळ मोजू लागले. 1988 मध्ये ओकीफ आणि डीकन यांनी तीच युक्ती उलटी फिरवली. आरसे माहीत धरले आणि हवेतल्या ऑक्सिजनचं दृश्य प्रकाशातलं दुबळं शोषण मोजून दाखवलं.

मग हेरियट सेल कशाला ठेवायची? पुष्कळ कामांना तीच बरी. गोव्यासमोरच्या समुद्रात पावसाळ्यात तळाकडचं ऑक्सिजन जेमतेम असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर चढतं आणि त्यात नायट्रस ऑक्साइड भरपूर तयार होतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी हे 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. हा वायू 4.5 मायक्रोमीटरजवळ मिथेनच्या त्या रेषेपेक्षा कितीतरी जोरात शोषतो. तिथे काही दहा मीटरचा मार्ग पुरतो आणि पाच किलोमीटरचा थाट लागत नाही. वायू फार असेल तर रिंग-डाउनमध्ये उजेड इतक्या झटकन विरतो की वेळ मोजणंच कठीण. शिवाय ते आरसे तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यातच एवढे चांगले असतात. त्याबाहेर ते साधे आरसेच.

सगळ्यात मोठा फरक मला पुस्तकात सापडला नाही, जूनमध्ये सापडला. हेरियटचा मार्ग भूमितीचा आहे. आरसा मळला तर उजेड कमी येतो, पण 50 मीटर 50 च राहतात. रिंग-डाउनचा मार्ग म्हणजे आरशाची चमकच. आरसा मळला की किलोमीटरच गळतात. त्यात हे यंत्र शोषण आणि विखुरणं यांत फरक करत नाही. प्रकाश वाटेतून नाहीसा झाला, एवढंच त्याला कळतं.

त्या जूनमध्ये आमच्या रिंग-डाउनचा वेळ रोज थोडा थोडा उतरत होता. मिथेन वाढला, असं म्हणत दोन दिवस आम्ही खूश होतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लेझर रेषेपासून बाजूला सरकवला. तिथेही वेळ तितकाच उतरलेला. मिथेन असता तर बाजूला काही बदललं नसतं. हवा ओढणारी नळी खिडकीतून समुद्राकडे काढली होती आणि टोकाचा फिल्टर सुटून लोंबत होता. आरसा काढून दिव्यासमोर तिरका धरला तेव्हा काचेवर वाफ धरावी तसा पांढुरका थर दिसला. आमच्या साहेबांनी नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.